लेबल नसलेली बाटली: सोलापुरातील एका सॅनिटायझर विषबाधेचा अभ्यास

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातले आहे. कुटुंब आणि फार्मासिस्ट दोघांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषध दुकानांत नव्याने उभ्या राहणाऱ्या फार्मासिस्टांना मी शिकवतो. आमच्या वर्गात सॅनिटायझरचा विषय निघाला की दोन वाक्यांत संपतो: करोना गेला, खप उतरला. पण जेल घराघरांत राहिले. बाथरूमच्या फळीवर, शिलाई मशीनच्या खणात, देव्हाऱ्याच्या बाजूला ते अजून आहे. अशाच एका घरात काय घडले ते इथे सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

दोन खोल्यांचे घर. आजी घरीच विड्या वळते, आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे, वडील भिवंडीला यंत्रमागावर. मुलगी साडेतीन वर्षांची, वजन सुमारे १२ किलो. दिवसभर ती आजीजवळ असते. मावशी त्याच बोळात राहते.

शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. उन्हाळ्यात पिण्याचे, मग स्वयंपाकाचे, मग भांड्यांचे असा हिशेब लागतो आणि हात धुण्याचा नंबर शेवटी येतो. कारखान्यात जेवणाच्या जागी सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन होता. पाण्याच्या खोळंब्यावर तोडगा म्हणून आई त्यातले थोडे जेल घरी घेऊन आली आणि शीतपेयाच्या रिकाम्या छोट्या बाटलीत भरून ठेवले. निळे, पारदर्शक, फळासारखा वास असलेले. बाटलीवर पेयाचे जुने वेष्टन तसेच होते.

आईला निष्काळजी म्हणण्याची घाई कुणी करू नये. घरात पाणी नसताना मुलीचे हात स्वच्छ राहावेत म्हणून तिने हे केले. बाटली धोक्याची आहे हे तिला सांगेल असे एकही अक्षर त्या बाटलीवर नव्हते, आणि तिला ते दुसऱ्या कुणी सांगितलेही नव्हते.

थोडे कायद्याबद्दल. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले, २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा घातली. जुलै २०२० मध्ये विक्री परवान्याची अट काढली. तुटवड्याच्या दिवसांत ते गरजेचेच होते. त्यातून जेल किराणा, स्टेशनरी, केमिकलची दुकाने अशा सगळीकडे पोहोचले. सोबत औषध दुकानातला माणूस मात्र गेला नाही. काय आहे, कुठे ठेवायचे, पोटात गेले तर काय करायचे, हे सांगणारा विक्रीच्या साखळीतून बाहेर पडला. मग उरले फक्त लेबल. आणि या घरात तेही उरले नव्हते.

काय घडले

मे महिन्यातली संध्याकाळ, सव्वापाचच्या सुमारास. आजी पाने कातरत बसली होती. मुलगी बाटली तोंडाला लावून बसलेली दिसली. तोंड वाकडे केलेले, ओठांना निळसर चिकटपणा. आजीने बाटली हिसकावली, पदराने तोंड पुसले. मुलगी थोडी रडली आणि मग खेळायला लागली, त्यामुळे आजीला हायसे वाटले. हाताला लावायचे औषध, थोडे गेले तर काय होणार!

शेजारच्या बाईने मिठाचे पाणी पाजायला सांगितले. दोन घोट दिले, उलटी झाली नाही. आईला फोन लावला, मशिनच्या आवाजात तिने ऐकला नाही. पावणेसहाला मुलगी पेंगायला लागली. आजीला वाटले, दुपारी झोपली नव्हती, म्हणून. मावशी आली, तिने मुलीचा श्वास हुंगला आणि तिला उचलून तडक कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आली. तेव्हा सहा वाजून पाच मिनिटे झाली होती.

“दादा, पोरगी सॅनिटायझर प्याली बघा. काही होणार नाही ना? एखादा थेंब द्या की उलटीचा.”

काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइके. संध्याकाळची गर्दी.

काउंटरवरचे दहा मिनिटे

इथे जे झाले ते मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. फार्मासिस्टने हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली आणि बाहेर येऊन मुलीकडे आधी पाहिले, बाटलीची चौकशी नंतर केली. हाक मारली तर डोळे उघडत होती, नाव विचारले तर उशिराने, अडखळत सांगत होती. हात गार. तोंडाला दारूसारखा वास.

मग प्रश्न. कधी प्याली? पाऊण तास झाला. किती? मावशीला माहीत नव्हते. पण आईने कालच बाटली गळ्यापर्यंत भरली होती आणि आता ती दोन बोटे कमी होती, थोडे जमिनीवरही सांडले होते. शेवटचे कधी खाल्ले? दुपारी बाराला, अर्धी भाकरी. उलटी? नाही. आधीचा आजार, चालू औषध? नाही.

त्याने मनात हिशेब केला. पोटात अंदाजे १५ मिली, म्हणजे तीन छोटे चमचे, गेले असे धरू. जेल ७० टक्क्यांचे असेल तर त्यात साडेदहा मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास. बारा किलोच्या शरीरात हे पसरले की रक्तात दर १०० मिलीला साधारण १०० मिलीग्रॅम भरते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्या प्रौढाला कायद्याने ३० ची मर्यादा आहे. दुकानात मिळणारी रम ४२.८ टक्क्यांची असते. हे जेल तिच्यापेक्षा कितीतरी कडक. तीन चमचे हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो, पण बारा किलोच्या मुलीसाठी तो किरकोळ नव्हता.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर उगाच घबराट होते. सॅनिटायझर लावलेला, वाळलेला हात मुलाने चाटला तर काही होत नाही. बोटावरचा थेंब जिभेला लागला तरी तोंड पुसून, पाणी देऊन लक्ष ठेवणे पुरते. घोट घेतला असेल तर मात्र थांबायचे नसते. आणि मूल पेंगत असेल तर किती प्याले हा वादच संपतो.

समोरचे पर्याय

मावशीची मागणी उलटीच्या औषधाची होती. हा पर्याय त्याने लगेच बाजूला सारला. पेंगणाऱ्या मुलाला उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती, आणि अल्कोहोल इतक्या वेगाने रक्तात शिरते की पाऊण तासानंतर पोटातून काढण्यासारखे फारसे उरतही नाही. पोटातले विष शोषायला देतात त्या सक्रिय कोळशाचाही उपयोग नाही; अल्कोहोल त्याला चिकटत नाही.

दुसरा पर्याय, घरी नेऊन लक्ष ठेवणे. कुटुंबाला हाच हवा होता. रुग्णालय म्हटले की रिक्षा, केसपेपर, रात्र आणि आईचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडणे. फार्मासिस्टने या अडचणी खोट्या ठरवल्या नाहीत. त्याने एवढेच सांगितले, “अक्का, हिला झोप आलेली नाही, नशा चढली आहे. आणि नशेपेक्षा मला भीती साखरेची आहे.”

ही साखरेची भीती अनेक फार्मासिस्टांनाही माहीत नसते, म्हणून इथे थांबतो. यकृत अल्कोहोल पचवायला लागले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मागे पडते. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा असतो, त्यावर निभते. लहान मुलाचा साठा मुळात छोटा, आणि या मुलीने सहा तास काही खाल्ले नव्हते. अशा मुलाची रक्तशर्करा झपाट्याने कोसळू शकते. त्यात झटके येतात, मेंदूला इजा होऊ शकते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते: मूल पेंगते आहे. नशा की साखर, हे बोटाला सुई टोचल्याशिवाय कळत नाही.

तिसरा पर्याय, गल्लीतले डॉक्टर. सहाला दवाखाना उघडतो, पण गर्दी असते आणि तिथे शिरेतून ग्लुकोज देऊन रात्रभर मूल ठेवण्याची सोय नव्हती. चौथा, सरळ मोठे रुग्णालय. रिक्षाने दहा मिनिटे.

त्याने चौथा निवडला. त्यातही एक अवघड जागा होती. दुकानात ग्लुकोज पावडर होती, पाणी होते. घोटभर ग्लुकोज पाजावे का? पूर्ण जागे, नीट गिळणारे मूल असते तर गोड काहीतरी द्यायला हवे होते. ही मुलगी हाकेला ओ देत होती, पण मान टाकत होती. ठसका लागला तर? त्याने पाजले नाही. दुकानातला साखर मोजायचा ग्लुकोमीटर काढून बोट टोचले: ५२. म्हणजे घसरण सुरू झाली होती, पण रिक्षाची दहा मिनिटे निभण्यासारखी. मला हा निर्णय बरोबर वाटतो. रुग्णालय तासभर लांब असते, एखाद्या खेड्यातले हे प्रकरण असते, तर मी वेगळा विचार केला असता.

१०८ ची रुग्णवाहिका बोलवायची की रिक्षा? रिक्षा दारात उभी होती. मुलीला कुशीवर धरून, मान थोडी वर ठेवून, मावशीसोबत तो स्वतः बसला. निघताना हाताखालच्या मुलाला मोटारसायकलवर बाटली आणायला पाठवले आणि बजावले, “ओतून टाकू देऊ नकोस. झाकण घट्ट लावून आहे तशी आण.”

रुग्णालयात

पोहोचेपर्यंत साखर ४४ झाली होती. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, सुरू झाले, अर्ध्या तासात साखर वर आली, मुलगी रडायला लागली. मावशी सांगत होती, इतके गोड रडणे तिने कधी ऐकले नव्हते.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पुढे गुंता झाला तो वेगळ्या कारणाने. निवासी डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि विचारले, “यात काय आहे?”

उत्तर कुणाकडेच नव्हते. हँड सॅनिटायझरमध्ये इथेनॉल असू शकते, आयसोप्रोपिल अल्कोहोल असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची दोन सूत्रे प्रसिद्ध आहेत: एकात ८० टक्के इथेनॉल, दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल, दोन्हींत थोडे ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. बाजारातल्या जेलमध्ये दाटपणासाठी कार्बोमर, शिवाय रंग आणि वास. हे सगळे जाणत्या डॉक्टरला हाताळता येते. खरी भीती मिथेनॉलची. २०२० मध्ये मिथेनॉल मिसळलेले सॅनिटायझर जगात अनेक ठिकाणी सापडले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या उन्हाळ्यात एकामागून एक इशारे दिले होते. मिथेनॉल शरीरात फॉर्मिक आम्लात बदलते, दृष्टी घेते, जीव घेते. आणि ते लगेच काही दाखवत नाही. बारा-चोवीस तास माणूस बरा दिसू शकतो. त्यात इथेनॉलही मिसळलेले असेल तर आणखी उशीर, कारण दोघांना पचवणारे एन्झाइम एकच आणि ते इथेनॉलला आधी हाताशी घेते.

फार्मासिस्ट साडेसातला कारखान्यात गेला. मालक सज्जन, लगेच कॅन दाखवला. लेबलवर इथेनॉल ७० टक्के, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, मुदत, सगळे व्यवस्थित. त्याने फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. प्रश्न सुटला असे वाटत असतानाच मालक म्हणाले, “कॅन जुना आहे हो. आतला माल गेल्या महिन्यात परत भरून घेतला, केमिकलवाल्याच्या ड्रममधून. स्वस्त पडतं.”

म्हणजे लेबल एका मालाचे आणि आत दुसराच माल. बिल नाही, बॅच नाही. फोटो निरुपयोगी ठरला, डॉक्टरांना तो तसे सांगून रद्द करावा लागला. हे सांगण्याचा प्रामाणिकपणा मालकांनी दाखवला नसता तर डॉक्टर चुकीच्या माहितीवर निश्चिंत झाले असते.

मग मिथेनॉल आहे असे धरून पहारा सुरू झाला. दर काही तासांनी रक्तातले आम्लाचे प्रमाण, साखर, डोळ्यांच्या बाहुल्या. साडेतीन वर्षांच्या हाताला पुन्हा पुन्हा सुया. रात्री दहाला आई पोहोचली. मुलगी तोवर बोलत होती, बिस्कीट मागत होती. तरी घरी का सोडत नाहीत हे आईला कळेना. फार्मासिस्टने तिला बाहेर बसवून समजावले. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातले ते सर्वांत महत्त्वाचे समुपदेशन होते. कारण आई रात्रीच मुलीला घेऊन निघण्याच्या बेतात होती.

निष्पत्ती

सगळे अहवाल ठीक आले. आम्ल वाढले नाही, दृष्टी नीट. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी घरी गेली. पुढच्या भेटीतही काही तक्रार नव्हती. जेल बहुधा इथेनॉलचेच होते. “बहुधा” म्हणतो, कारण दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुणीतरी घाबरून कॅन मोरीत ओतून टाकला. अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायला नमुना उरला तो फक्त छोट्या बाटलीतला, तोही उघडलेला आणि बाटली बदललेला. ड्रमवाल्याच्या मालात काय होते आणि तो आणखी किती कॅनमध्ये गेला, हे कळण्याची वाट तिथेच बंद झाली.

वेगळे काय करता आले असते

सव्वापाच ते सहा-पाच हा काळ सर्वांत महागडा ठरला. मिठाच्या पाण्याचा उपाय अजून घरोघरी सांगितला जातो. लहान मुलात त्याने रक्तातले सोडियम वाढून स्वतंत्र विषबाधा होऊ शकते. दोन घोटांवर भागले हे नशीब. त्या वेळी मुलगी पूर्ण जागी होती. तेव्हाच तिला गोड दूध किंवा सरबत देऊन निघाले असते तर साखर इतकी खाली गेली नसती.

फार्मासिस्टने रिक्षातून रुग्णालयाला आधी फोन केला नाही. नंबर जवळ नव्हता. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास सल्ला देते, तेही त्याला त्या क्षणी आठवले नाही. आता तो क्रमांक काउंटरच्या काचेखाली मोठ्या अक्षरात आहे. माझ्या मते तो प्रत्येक औषध दुकानात असायला हवा, कारण लोक विषबाधेत आधी मेडिकलमध्येच येतात.

कॅन त्याच रात्री सील करून ठेवायला हवा होता. फोटोपेक्षा नमुना मोलाचा.

कारखान्यात आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेला पडली होती: कॅन इस्त्रीच्या टेबलाखाली होता. ७० टक्के इथेनॉलची वाफ १७ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. सोलापूरचा मे म्हणजे ४२ अंश. वर तापलेली इस्त्री, बाजूला टॉवेलचे गठ्ठे. शिवाय ही ज्योत फिकी असते, उजेडात चटकन दिसत नाही. दुसऱ्या भेटीत त्याने हे मालकांना जागेवर नेऊन दाखवले. नवा माल आता दाराजवळच्या बंद कपाटात असतो, छोट्या, मूळ लेबलच्या पंपाच्या बाटल्यांत. पाच लिटर घेणे बंद झाले. पंपाची उंची ठरवतानाही त्याने मालकांना थांबवले: बायकांसोबत येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत नळी नको, कारण जेल डोळ्यात उडाले तर बुबुळाला इजा होते आणि पंधरा मिनिटे पाण्याने धुण्याइतके पाणी तिथे नसते.

घरातला बदल

जेल काढून टाका, एवढे सांगून भागणार नव्हते, कारण पाण्याची अडचण जागच्या जागी होती. पण या घरात जेलचा मूळ हेतूही नीट साधत नव्हता. आजीच्या बोटांना तंबाखूची भुकटी. अल्कोहोल जंतू मारते, मळ काढत नाही. चिकट, धुळीच्या हातावर त्याचा जंतूंवरचा परिणामही कमी होतो. तंबाखूच्या हाताने नातीला घास भरवायचा तर साबण आणि पाणीच लागते. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवरही जेल दुबळे पडते.

मावशीने तोटी बसवलेले एक छोटे पिंप मोरीपाशी ठेवले, फक्त हातांसाठी. बारीक धार, साबण, पुन्हा बारीक धार. तांब्याभर पाण्यात दोघींचे हात होतात. जेल घरात आहे, पण मूळ बाटलीत, वरच्या फळीवर, बाजारातून येताना वापरण्यापुरते.

दुकानातला बदल

हा फार्मासिस्ट आता सॅनिटायझर देताना विचारतो, “घरात पाच वर्षांच्या आतलं कुणी आहे का?” असेल तर फळांच्या वासाचे, रंगीत जेल देत नाही, बिनवासाचे, पंपाचे देतो. लेबलवर अल्कोहोल कोणते आणि किती टक्के हे लिहिलेले नसेल तर तो माल ठेवत नाही. ६० टक्क्यांच्या खालचे तर परतच करतो. कडू चवीसाठी डिनॅटोनियम घातलेले मिळाले तर त्याला पहिली पसंती. रिकामी बाटली घेऊन सुटे जेल मागणाऱ्याला नाही म्हणतो, आणि का ते सांगतो. यात काही गिऱ्हाईक तुटले. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात तेच जेल बिनप्रश्नांचे मिळते.

पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी कुटुंबे खूप आहेत, आणि विडी वळणाऱ्या अनेक आज्यांना कोणतीच लिपी वाचता येत नाही. म्हणून त्याने एक चित्राचा स्टिकर करून घेतला: बाटली तोंडाला लावलेले मूल, त्यावर लाल फुली, खाली दुकानाचा फोन. प्रत्येक बाटलीवर तो स्वतः चिकटवतो. स्टिकर लेबलवरचा मजकूर झाकणार नाही अशा बेताने, बाटलीच्या मागच्या बाजूला.